हू-नाम म्हणजे नंतर मुलगा

डेजॉनला पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मला माझं वय विचारलं गेलं आणि दुसऱ्या अर्ध्या तासात माझ्या नावाचा अर्थ. दोन्ही प्रश्न विचारणारी बाई एकच होती, आणि विचारताना तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

ही बाई म्हणजे यून हू-नाम, माझ्या मुलीची घरमालकीण. यून हे आडनाव. कोरियात आडनाव आधी येतं. माझी रुचा दोन वर्षांपासून या शहरात बॅटऱ्यांवर संशोधन करते आणि हू-नामबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खालच्या मजल्यावर बाईंचं जेवणाचं छोटं दुकान आहे. सहा टेबलं, एक मोठी कढई, आणि पदार्थ एकच: काल्गुक्सू. आपल्या वरणफळांची कणीक कोणी चौकोनांऐवजी लांब पट्ट्यांत कापली आणि तुरीच्या वरणाऐवजी शिंपल्यांच्या रश्शात शिजवली, तर जे होईल ते काल्गुक्सू. पहिल्या वाटीनंतर मी दुसरी मागितली. तेव्हाच बाईंनी ठरवलं असावं की हिच्याशी बोलायला हरकत नाही.

मी नागपूरची, बेसा भागातली. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कळमेश्वरजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. ऑक्टोबरात अंबिया बहाराची फळं तोडणीच्या तोंडावर असतात, त्यामुळे नवऱ्याला बगीचा सोडता आला नाही आणि मी एकटी निघाले. एकटी जमेल का, असं नातेवाइकांनी विचारलं. पन्नास पोरांच्या सहली काढलेल्या बाईला स्वतःला सांभाळणं जड जात नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते खरं निघालं. पुढचे तीन आठवडे मी हरवले नाही, आजारी पडले नाही. फक्त एकदा बाथरूमच्या रबरी चपला घालून थेट बैठकीत आले आणि रुचाने कपाळाला हात लावला. तिथे घरात अनवाणी चालतात, जमीन खालून गरम असते, आणि बाथरूमच्या चपलांनी उंबरठा ओलांडायचा नसतो.

पिठावरची अक्षरं

वय विचारण्यामागे तिथे कारण असतं. मोठं कोण हे कळल्याशिवाय एकमेकांना हाक काय मारायची ते ठरत नाही. मी साठ, त्या अडुसष्ट. तेव्हा मी त्यांना 'ऑन्नी' म्हणायचं ठरलं. बाईनं मोठ्या बहिणीला म्हणायचा तो शब्द. मला चार मोठ्या बहिणी आहेतच, पाचवी मिळाली.

मग नावाचा प्रश्न आला. माझं नाव अंतकला. त्याचा अर्थ मी आयुष्यभर जसा सांगत आले तसाच सांगितला. "रुचा, तिले सांग, अंत म्हणजे अंतःकरण. अंतःकरणाची कला ती अंतकला."

रुचाने ते कोरियनमध्ये सांगितलं. ऑन्नीने कौतुकानं मान हलवली. मग पोळपाटावरचं पीठ तळहातानं सारखं करून तिनं बोटानं दोन चिनी अक्षरं काढली. कोरियन नावं लिहितात त्यांच्या सोप्या लिपीत, पण बहुतेक नावांच्या पाठीमागे अशी चिनी अक्षरं असतात आणि अर्थ त्यांत असतो. एकच उच्चार, पण अक्षर बदललं की अर्थ बदलतो.

"हू म्हणजे नंतर," रुचा म्हणाली. "नाम म्हणजे पुरुष, मुलगा." मग ती माझ्याकडे वळली. "आई, यांचं नाव आहे 'नंतर मुलगा'."

नाम म्हणजे आपल्याकडे नाव. तिथे नाम म्हणजे पुरुष. मी त्या पिठाकडे पाहत राहिले.

ऑन्नीने कणकेची घडी सुरीखाली घेतली आणि पट्ट्या कापता कापता सांगितलं. तीन मुलींवर ती चौथी झाली. आजोबांनी नाव ठेवलं. हिच्या मागून तरी मुलगा येऊ दे, म्हणून. दोन वर्षांनी मुलगा आला. घरात सगळे म्हणाले, पोरगी गुणाची, हिच्या नावानं काम केलं.

सुरीचा आवाज तसाच चालू होता. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण समोरच्या बाईनं खरं सांगितलं होतं.

"रुचा, तिले सांग, मी आत्ता खोटं बोलली."

"काय?"

"अंत म्हणजे शेवट. आम्ही पाच बहिणी, मी पाचवी. आत्यानं बारशात नाव ठेवलं अंतकला, म्हणजे पोरींचा आता अंत होऊ दे."

रुचा भाषांतर करायचं विसरली. "पण आई, तू मले तर अंतःकरणच सांगितलं होतं."

"सगळ्यायलेच सांगितलं. एकतीस वर्षं फळ्यावर लिहून सांगितलं."

ऑन्नी सुरी थांबवून आमच्याकडे पाहत होती. रुचाने सांगितल्यावर तिनं एकच विचारलं.

"मंग पोरगा झाला का, विचारून राहिल्या त्या," रुचा म्हणाली.

"नाही म्हना. पोरींचा अंत झाला, पोरगा नाही झाला."

ऑन्नीने पिठाचा हात तोंडावर धरला आणि हसायला लागली. मलाही हसू आवरेना. गिऱ्हाईक दार उघडून आत आलं तेव्हा साठीच्या दोन बाया कढईजवळ डोळे पुसत होत्या आणि एकीच्या गालावर पाच पांढरी बोटं उमटलेली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं गल्ल्याखालच्या खणातून एक कागद काढला. नाव बदलून मिळावं म्हणून कुटुंब न्यायालयात करायचा अर्ज. तिच्या नातीला शाळेतून आजीच्या नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितला होता. ऑन्नीने तिला फोनवर खोटंच सांगितलं, 'भरभरून आशीर्वाद'. नातीनं ते सुंदर अक्षरात लिहिलं, बाजूला फुलं काढली आणि फोटो पाठवला. तो फोटो बघून ऑन्नी दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन आली होती. सगळे रकाने भरले होते. नवं नाव आणि कारण हे दोन तेवढे कोरे होते.

योंगदोंग

शनिवारी ऑन्नी आम्हाला तिच्या माहेरी घेऊन गेली. डेजॉनहून तासाभराच्या अंतरावर योंगदोंग नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याकडे कडुनिंब असावेत तशी पर्सिमॉनची झाडं आहेत. पर्सिमॉन म्हणजे टमाट्याएवढं, केशरी, वर चार पाकळ्यांची टोपी असलेलं फळ. पानं गळायला लागलेली आणि झाडभर नुसती फळं. संत्र्याच्या बगीच्यात आयुष्य गेलेल्या बाईला तो रंग नवा नव्हता, पण पानं नसलेली झाडं इतकी लगडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तिथे ऑन्नीचा धाकटा भाऊ जे-सिक आणि त्याची बायको राहतात. जे-सिक म्हणजे तोच, नावात मागितलेला मुलगा. आता सहासष्ट वर्षांचा. बारीक, हळू बोलणारा, डोक्यावर कापडी टोपी. तो शिकला, सरकारी शाळेत मास्तर झाला, निवृत्तीनंतर वडिलांची झाडं बघतो. मीही मास्तरीण आहे हे कळल्यावर त्यानं मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही तेवढीच वाकले. शिक्षक शिक्षकाला ओळखतो.

लांब बांबूच्या टोकाला जाळी लावून फळं उतरवायची. मी बांबू हातात घेतला आणि पहिल्याच झटक्यात तीन उतरवली. जे-सिकची बायको काहीतरी कौतुकानं बोलली. त्या कौतुकाच्या भरात मी एक फळ पदराला पुसून चावलं. ती वाळवायची, तुरट जात होती; वाळेपर्यंत ती तोंडात घ्यायची नसते. जीभ टाळूला चिकटली, गाल आत ओढले गेले, मला बोलताच येईना. जे-सिक पळत जाऊन पाण्याऐवजी मागच्या वर्षीचं वाळवलेलं फळ घेऊन आला. खारकेसारखं मऊ, वर साखरेची पांढरी धूळ. ते खाल्ल्यावर तोंड पुन्हा माझं झालं.

दुपारी जमिनीवर बसून जेवलो. भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या डाळीचा रस्सा, तिळाच्या तेलातल्या तीन पालेभाज्या, आणि बलुताच्या म्हणजे ओकच्या फळांच्या पिठाची थुलथुलीत कापं, जी स्टीलच्या काड्यांनी उचलताना माझ्याकडून दोनदा ताटात पडली. मी पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची भाजी करून नेली होती, आपल्या तिखटाची. जे-सिकला घाम फुटला, टोपी काढून ठेवली, आणि त्यानं आणखी घेतली.

जेवण संपत आलं तेव्हा ऑन्नीने अर्जाचं सांगितलं. मोजून चार वाक्यं.

जे-सिकने काड्या खाली ठेवल्या. मग तो बोलला. रुचा माझ्या कानाशी हळूच सांगत होती.

"ते म्हणून राहिले, आजोबांनी दिलेलं नाव आहे. आई-वडिलांनी साठ वर्षं त्या नावानं हाक मारली. ते पुसलं तर मागं काय राहील."

तो उठला, पडवीत जाऊन बसला आणि फळं सोलायला लागला. साल अखंड निघत होती, टोपलीत वेटोळी पडत होती. त्यानं मान वर केली नाही. निघताना त्यानं गाडीत फळांची पेटी ठेवली आणि दार हळूच लावलं.

परतीच्या वाटेवर मी माझं मत सांगितलं. मला ते विचारलं नव्हतं. "रुचा, सांग तिले. नाव ठेवनारे मेले, आपून जिवंत आहो. आपून मोठं झालो का नाव मोठं होते. मायं झालं नं. शाळेत अंतकला मॅडम म्हटलं का वर्ग उभा राहे."

ऑन्नीने स्टिअरिंगवरचा हात न हलवता मान डोलावली. ती मान होकाराची नव्हती, हे मला तीन दिवसांनी कळलं.

नाव देणाऱ्याच्या दुकानात

आपल्याकडे नावं ठेवणारे प्रत्येक गल्लीत फुकट मिळतात. कोरियात नाव ठेवून देणाऱ्यांची दुकानं असतात. बाळ जन्मलं, धंदा काढला, नशीब अडलं, की लोक तिथे जातात. मंगळवारी ऑन्नी आम्हाला बाजारातल्या एका जिन्यानं वर घेऊन गेली. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, भिंतीवर चिनी अक्षरांचा तक्ता, आणि टेबलामागे सत्तरीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ.

त्यांनी जन्माचं वर्ष, महिना, दिवस, वेळ विचारली. आपल्या जोशीबुवांसारखंच. फक्त राशीवरून आद्याक्षर काढण्याऐवजी त्यांनी पाच तत्त्वं मांडली: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. कुठलं कमी आहे ते पाहायचं आणि ते तत्त्व ज्या अक्षरात आहे ते नावात घालायचं. अक्षर काढायला किती रेघा लागतात तेही मोजायचं. ऑन्नीच्या पत्रिकेत अग्नी कमी होता म्हणे. कढईपुढे चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला.

मग त्यांनी एक गोष्ट सुचवली आणि मला ती एकदम पटली. उच्चार तसाच ठेवा, ते म्हणाले, फक्त अक्षरं बदला. हू असं दुसरं अक्षर आहे, त्याचा अर्थ दाट, उदार. नाम असं दुसरं अक्षर आहे, त्याचा अर्थ दक्षिण दिशा. हू-नामच राहील, पण 'नंतर मुलगा' जाऊन 'उदार दक्षिण' होईल. दक्षिणेत अग्नीही आहे. त्यांनी ब्रशनं दोन्ही अक्षरं लिहून कागद पुढे केला.

"घे, घे," मी मराठीतच म्हटलं आणि रुचाकडे वळले. "तिले सांग, हेच घे म्हना. भावाचंही मन राहते, लोकायले नवीन नाव शिकवा लागत नाही, आन् अर्थही चांगला होते. मी तं हेच केलं."

ऑन्नीने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे बोलली. रुचाने ते मला मराठीत सांगितलं.

"आई, त्या म्हणतात, तू अर्थ बदलून घेतला. पण तो खोटा आहे, हे पहिल्याच दिवशी तूच त्यांना सांगितलं. मग तुला काय वाटत होतं इतकी वर्षं, फळ्यावर लिहिताना?"

फळ्यावर लिहिताना काय वाटत होतं ते मला नेमकं माहीत होतं. लिहून झालं की मी लगेच फळा पुसून टाकत असे, कोणी दुसरा अर्थ विचारायच्या आत.

"तिले सांग," मी म्हटलं, "भीती वाटे."

ऑन्नीने टेबलाखाली माझा हात धरला. मग चष्मेवाल्या गृहस्थांना ती म्हणाली, मला हाना हवं.

गृहस्थ ब्रश हातात धरून थांबले. हाना म्हणजे कोरियन मोजणीतला एक. हाना, दुल, सेत. एक, दोन, तीन. शुद्ध कोरियन शब्द. त्याच्यामागे चिनी अक्षर नाही, रेघा नाहीत, तत्त्व नाही. चाळीस-पन्नास वर्षांपासून अशी नावं ठेवतात, पण ती लहान पोरींची, असं ते म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षी शोभणार नाही. शिवाय मग आपलं काम काय, असंही त्यांनी विचारलं.

"मोजायला सुरुवात करतात तेव्हा आधी मलाच मोजावं," ऑन्नी म्हणाली.

त्यांनी ब्रश ठेवला, साधं पेन घेतलं आणि त्यांच्या सोप्या लिपीत नाव लिहून दिलं. जिना उतरताना मी ऑन्नीला सांगितलं की आमच्या गावात 'हाना' म्हटलं तर लोक काठ्या घेऊन धावतील, कारण 'हाणा', म्हणजे 'मारा', हे आम्ही 'हाना' असंच म्हणतो. रुचाने समजावल्यावर तिनं मूठ वळून हवेत उगारली आणि म्हणाली, मग तर अग्नीचीही सोय झाली.

न्यायालयाच्या बाकावर

हे सगळं कॉम्प्युटरवरून करता येतं, पण ऑन्नीला स्वतः जाऊन द्यायचं होतं. माझ्या परतीच्या दोन दिवस आधी आम्ही गेलो. तिनं केस बसवून घेतले होते आणि लग्नात घालावा तसा कोट घातला होता. कारणाच्या रकान्यात तिनं नावाचा अर्थ लिहिला होता. तेवढाच.

दारात जे-सिक उभा होता. योंगदोंगहून पहिल्या गाडीनं आलेला. त्या शनिवारनंतर दोघांचं बोलणं झालेलं नव्हतं; तारीख ऑन्नीने त्याच्या बायकोला कळवली होती. त्यानं टोपी काढली, वाकला आणि दोन्ही हातांनी एक लिफाफा पुढे केला. ओळखीच्या माणसानं अर्जाला पाठिंबा देणारं पत्र जोडलं तर चालतं. त्यानं ते लिहून आणलं होतं. ऑन्नी बाकावर बसली, पत्र उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि ते रुचाच्या हातात दिलं. "चष्मा नाही आणला," ती म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

रुचाने आधी कोरियनमध्ये वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. मी ते त्याच रात्री वहीत उतरवलं, म्हणून शब्द जवळपास तेच आहेत.

"अर्जदार माझी मोठी बहीण आहे. तिच्या नावात एक पुरुष आहे. तो मी आहे. मी येऊन सहासष्ट वर्षं झाली. मी तिच्या पाठीवर मोठा झालो. मी शाळेत जाऊ लागलो त्या वर्षी तिची शाळा सुटली, आणि माझ्या पहिल्या वह्या तिनं दुसऱ्यांची भांडी घासून आणल्या. मी शिक्षक झालो. हजारो मुलांची हजेरी घेतली. माझ्या बहिणीच्या नावाचा अर्थ मला माहीत होता आणि मी तो कधी मोठ्यानं म्हटला नाही. ज्या कामासाठी हे नाव ठेवलं ते काम झालं. झाल्यावरही तिनं ते वागवलं. आता ते तिच्यावरून उतरवावं, अशी मी विनंती करतो."

जे-सिक भिंतीकडे पाहत उभा होता. ऑन्नी उठली, त्याच्या कोटाच्या कॉलरवर काही नव्हतं तरी ती झटकली, आणि खिडकीकडे गेली. खिडकीतल्या मुलीनं कागद पाहिले, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला. इतकंच. दोन-तीन महिन्यांत कळेल, असं सांगितलं.

नंतर चौघं मिळून शेजारच्या हॉटेलात जेवलो. त्यानं तिच्या वाटीत माशाचे तुकडे काढून ठेवले आणि तिनं ते निमूट खाल्ले.

मी नागपूरला परतले. तोडणी झाली, थंडी पडली. जानेवारीत एका दुपारी रुचाचा व्हिडिओ कॉल आला. ती खाली दुकानात होती. ऑन्नीने नवं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं, मग खूप वेळ तिच्याकडून ते खाली ठेवलंच गेलं नाही. न्यायालयानं मान्य केलं होतं. नातीलाही तिनं सगळं सांगितलं होतं, जुन्या नावासकट.

मी विचारलं, भावाला कळवलं का.

कळवलं, ती म्हणाली. त्याच्याकडून एक गोष्टही करून घेतली. कोरियात धाकटा भाऊ मोठ्या बहिणीला नावानं हाक मारत नाही. तो 'नूना' म्हणतो. जे-सिकने जन्मात कधी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिनं त्याला फोनवर सांगितलं, एकदाच मला नावानं हाक मार, मोठी बहीण म्हणून हुकूम आहे. तो बराच वेळ नाही म्हणत राहिला. मग त्याची बायको खोलीबाहेर गेल्याची खात्री करून, घसा साफ करून, हजेरी घेताना मास्तर घेतात तशा स्पष्ट आवाजात तो म्हणाला, "यून हाना."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हजर," ऑन्नी म्हणाली.